वेबसाइट वेगळी दिसावी की वेगळे काही सांगावे?

प्रश्न : जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश करण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे. आम्ही दोघे भाऊ आणि हाताखाली मोजके कारागीर आहोत. काही वर्षांपूर्वी वेबसाइट करून घेतली. आता हेच काम करणाऱ्या आणखी चौघांच्या वेबसाइट झाल्या आहेत आणि पाचही शेजारी शेजारी उघडल्या तर कोणती कोणाची हे आम्हालाही चटकन ओळखता येत नाही. आमचे डिझायनर म्हणतात की संपूर्ण नवे डिझाइन, हलणारी चित्रे, पहिल्याच पानावर व्हिडिओ आणि चॅटची सोय केली, तर आपण उठून दिसू. त्याला खर्च बराच आहे. गूगलवर वर येण्यासाठी वेगळे पॅकेजही त्यांनी सुचवले आहे. शिवाय आम्ही काही नवे लिहिले की एक स्पर्धक ते थोड्याच दिवसांत जसेच्या तसे उचलतो. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेले पाचही पत्ते उघडून पाहिले. तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून तुमच्या डिझायनरने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. या पाच वेबसाइटचे रंग वेगळे आहेत, अक्षरे वेगळी आहेत, एकीवर चित्रे हलतातही. तरी त्या एकसारख्या वाटतात, कारण त्या सगळ्या एकच गोष्ट सांगतात. ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’, ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’, ‘अनुभवी कारागीर, वाजवी दर, वेळेवर सेवा’ ही वाक्ये थोड्याफार फरकाने पाचही ठिकाणी आहेत, आणि ब्रश धरलेल्या हाताचे विकतचे छायाचित्र तर दोन ठिकाणी अगदी एकच आहे. या मजकुराला नवे कपडे घालण्यावर तुम्ही पैसे खर्च केलेत, तर काही महिन्यांनी इतर चौघेही तसेच कपडे शिवून घेतील.

अशी वाक्ये ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. वाक्य उलटे करून पाहावे आणि तसे कोणी प्रामाणिकपणे लिहील का, हे स्वतःला विचारावे. ‘निकृष्ट काम, अवाच्या सवा दर, उशिरा सेवा’ असे कोणीच लिहिणार नाही. म्हणून त्याच्या उलट लिहिण्याने कोणतीही माहिती मिळत नाही. याउलट ‘आम्ही भरीव लाकडाचे आणि व्हेनियरचे फर्निचर दुरुस्तीला घेतो, पार्टिकल बोर्डचे घेत नाही’ हे वाक्य घ्या (व्हेनियर म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी). दुसरा व्यावसायिक याच्या नेमके उलट, आणि तितक्याच प्रामाणिकपणे, लिहू शकतो. त्यामुळे हे वाक्य वाचणाऱ्याला कळते की तो योग्य जागी आला आहे की नाही. तुमच्या सध्याच्या मुखपृष्ठावरील प्रत्येक वाक्य या कसोटीला लावा. फारच थोडी उरतील, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण इतर चौघांचीही तीच गत आहे.

मांडणीबद्दल मात्र माझा सल्ला डिझायनरच्या सल्ल्याच्या अगदी विरुद्ध आहे. मांडणी चारचौघांसारखीच ठेवा. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी 2000 सालीच हे मांडले होते की लोक आपला बहुतेक वेळ इतर वेबसाइटवर घालवतात आणि तुमची वेबसाइटही तशीच चालावी अशी त्यांची अपेक्षा असते. नाव आणि बोधचिन्ह वर, मेनू नेहमीच्या जागी, फोन नंबर शोधावा न लागता दिसेल असा. यांत कल्पकता दाखवायला गेले की ग्राहक अडखळतो. दिसणे अगदीच गौण आहे असे मी म्हणत नाही. संशोधक गिटे लिंडगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की पान आकर्षक आहे की नाही याबद्दलचे मत अवघ्या 50 मिलिसेकंदांत, म्हणजे एकही शब्द वाचून होण्यापूर्वी, बनू शकते. पण तेवढ्या क्षणात नजरेला हवा असतो तो नीटनेटकेपणा, आणि तो साध्या, मोकळ्या, वाचता येईल अशा पानातही असतो.

हलणाऱ्या चित्रांच्या पट्टीविषयी, म्हणजे ज्याला तुमचे डिझायनर स्लायडर म्हणतात त्याविषयी, अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाच्या वेबसाइटची 2013 साली प्रसिद्ध झालेली आकडेवारी बोलकी आहे. तिथे त्या पट्टीवर क्लिक करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 1 टक्का होते आणि त्यांतील बहुतेकांनी पहिल्याच चित्रावर क्लिक केले होते. चॅटचे म्हणाल, तर पॉलिशने माखलेल्या हातांनी त्याला उत्तर कोण देणार, हे आधी ठरवा. ‘आम्ही ऑनलाइन आहोत’ असे लिहून तासभर गप्प बसणारी खिडकी नसलेली बरी.

आता मुद्द्याची गोष्ट. वेगळा मजकूर आणायचा कुठून? तो तुमच्याकडे आधीच आहे, फक्त वेबसाइटवर नाही. तुम्ही तो रोज फोनवर बोलता. फोनशेजारी एक वही ठेवा आणि पंधरा दिवस ग्राहकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. शब्द सुधारू नका. ग्राहक ‘पृष्ठभागाचे नूतनीकरण’ असे कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘टेबलावर गरम भांडे ठेवले, पांढरा डाग पडलाय, निघेल का?’ हाच प्रश्न तो गूगलमध्येही टाइप करतो, आणि तुमच्या वेबसाइटवर या शब्दांचे एकही पान नाही. ‘आमच्या सेवा’ या पानावर ‘पॉलिशिंग’ एवढा एक शब्द आहे.

या एका प्रश्नाचे पान कसे असावे, ते जरा तपशिलाने सांगतो. शीर्षक ग्राहकाच्या शब्दांत द्या आणि उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्या. डाग पांढरा असेल तर तो बहुधा पॉलिशच्या थरातच असतो. उष्णतेमुळे ओल त्या थरात शिरून अडकलेली असते, लाकडाला धक्का लागलेला नसतो, आणि अनेकदा पूर्ण पॉलिश न खरवडता काम भागते. डाग काळा असेल तर ओल लाकडापर्यंत गेलेली असते आणि लाकडातील टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाच्या अंशाशी क्रिया होऊन तो रंग आलेला असतो. तिथे जुना थर काढल्याशिवाय गत्यंतर नाही. मग पॉलिश कोणते आहे हे घरच्या घरी कसे ओळखायचे तेही सांगा. न दिसणाऱ्या जागी, उदाहरणार्थ टेबलाच्या खालच्या कडेला, कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा एक थेंब लावायचा. जागा चिकट झाली तर पॉलिश बहुधा चपडी लाखेचे आहे, काहीच झाले नाही तर मेलामाइन किंवा पॉलियुरेथिनचे असण्याची शक्यता जास्त. त्याखाली तुम्ही स्वतः दुरुस्त केलेल्या एका टेबलाची दोन छायाचित्रे, कामाला किती दिवस लागले, काय काय करावे लागले आणि काय पूर्वीसारखे होऊ शकले नाही, हे लिहा. शेवटी एवढेच सांगा की डागाचा दिवसाच्या उजेडातला फोटो अमुक नंबरवर पाठवा, म्हणजे टेबल आमच्याकडे आणावे लागेल की नाही ते कळवू.

अशी माहिती फुकट दिली तर ग्राहक स्वतःच काम करून मोकळा होईल, अशी भीती या व्यवसायात अनेकांना वाटते. थोडे जण तसे करतीलही. पण आजोबांच्या टेबलावर प्रयोग करण्याची हिंमत बहुतेकांना होत नाही आणि ज्याने कारण समजावून सांगितले त्याच्याकडेच टेबल सोपवावेसे वाटते. अशी आठ-दहा पाने झाली तरी पुष्कळ आहेत. खुर्चीचा सांधा हलतो, वेताची बैठक फाटली, वाळवी लागली आहे की भुंगेरे, व्हेनियर सुटले, कपाटाचा खण अडकतो, यांतील प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र पान द्या. एकाच पानावर सगळे कोंबू नका, कारण शोधणारा माणूस एकाच अडचणीने आलेला असतो.

दराचा विषय नाजूक आहे, आणि माझ्या मते पाचही वेबसाइटची सर्वांत मोठी उणीव तीच आहे. कुठेही दराचा उल्लेख नाही, सगळीकडे ‘कोटेशनसाठी संपर्क साधा’. प्रत्येक नग वेगळा असतो, तेव्हा ठरावीक दरपत्रक लावता येत नाही, हे खरेच आहे. पण दर कशावर ठरतो हे तर सांगता येते. लांबी-रुंदी, जुना थर काढावा लागणार की नाही, कोरीव काम किती, सुटे भाग नवे करावे लागणार का, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाकडे, हे मुद्दे लिहा. तुम्ही केलेल्या तीन प्रत्यक्ष कामांचा एकूण खर्च त्या कामांच्या छायाचित्रांखाली द्या आणि कमीत कमी किती रकमेचे काम तुम्ही घेता तेही सांगा. स्पर्धक ते वाचून दर खाली आणेल, ही तुमची शंका मला कळते; पण त्याला तुमचे दर हवे असतील तर तो आजही ग्राहक म्हणून एक फोन करून मिळवू शकतो. दर झाकल्याने फक्त ग्राहक अंधारात राहतो, आणि अंधारातला ग्राहक बहुधा फोन न करता मागे फिरतो.

याच ओघात तुम्ही काय करत नाही, हेही स्पष्ट लिहा. पत्रात तुम्ही ओझरते म्हटले आहे की घाईची कामे तुम्ही नाकारता, कारण एका थरावर दुसरा थर चढवण्यापूर्वी पुरेसे वाळू द्यावे लागते. ही गोष्ट तुमच्या वेबसाइटवर कुठेही नाही आणि मला तर तीच सर्वांत विश्वासार्ह वाटली. मुखपृष्ठावरचे पहिले वाक्य यातूनच निघू शकेल: ‘आम्ही जुन्या भरीव लाकडाच्या फर्निचरची दुरुस्ती आणि हाताने पॉलिश करतो, साधारण कामाला तीन ते चार आठवडे लागतात आणि प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा चढवत नाही.’ यातील आठवडे तुमच्या खऱ्या कामाप्रमाणे बदला. ज्याला दोन दिवसांत काम हवे आहे तो हे वाचून निघून जाईल, आणि त्याने तसेच करावे.

छायाचित्रे स्वतःची हवीत, याबद्दल तडजोड नको. विकतचे छायाचित्र कितीही सुबक असले तरी ते तुमचे काम दाखवत नाही. साधा मोबाइल पुरेसा आहे. काम हाती येताच आणि संपताच, त्याच जागी, त्याच कोनातून, खिडकीच्या उजेडात दोन छायाचित्रे काढण्याची सवय कारागिरांना लावा. कोन बदलला की आधी आणि नंतरची तुलनाच होत नाही. मधल्या टप्प्याचे, सांधा उघडलेला असतानाचे छायाचित्र मिळाले तर त्याहून चांगले. प्रत्येकाखाली दोन ओळींची माहिती द्या, कारण माहितीशिवाय लावलेल्या चाळीस छायाचित्रांपेक्षा माहितीसह लावलेली सहा जास्त काम करतात.

ही छायाचित्रे मोबाइलमधून थेट चढवू नका. तुमच्या मुखपृष्ठावर सध्या कित्येक मेगाबाइटची छायाचित्रे आहेत आणि मोबाइलवर ते पान उघडायला लागणारा वेळ अस्वस्थ करणारा आहे. डिझायनरना ती लहान करून वेबपी या हलक्या फाइलच्या स्वरूपात लावायला सांगा. गूगलच्या निकषांनुसार पानातील सर्वांत मोठा दिसणारा भाग 2.5 सेकंदांच्या आत यावा, बोट टेकवल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि पान उघडताना मजकूर इकडेतिकडे सरकू नये. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या मोफत साधनात वेबसाइटचा पत्ता टाकला की हे सगळे दिसते. तिथे 100 पैकी 100 गुण मिळवण्याच्या नादी मात्र लागू नका. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे तुमची अक्षरे फिकट करड्या रंगाची आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील फरकाचे प्रमाण निदान 4.5 : 1 असावे, असे वेबसाइटच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, आणि वारशाने आलेले फर्निचर जपणारे तुमचे बरेच ग्राहक चष्मा लावणारे असतील.

गूगलवर वर आणून देण्याच्या पॅकेजचा तपशील तुम्ही पाठवला आहे. त्यातील दोन कलमे मी थेट खोडीन. पहिले म्हणजे प्रत्येक पानात दडवायचे ‘मेटा कीवर्ड’, म्हणजे वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी; आपण ते क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने 2009 सालीच जाहीर केले आहे. दुसरे म्हणजे फक्त परिसराचे नाव बदलून तयार केलेली पन्नास एकसारखी पाने. अशा पानांना गूगल आपल्या धोरणांत गैरप्रकार मानते. तिसऱ्या कलमात यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, दरमहा तीस लेख लिहून घेण्याचा प्रस्ताव आहे. यंत्राची मदत घेण्यास गूगलची सरसकट मनाई नाही, पण क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात मूल्यहीन पाने काढणे मार्च 2024 पासून त्याच्या धोरणांत स्पष्टपणे निषिद्ध आहे. तो नियम नसता तरी मी नकोच म्हटले असते. स्पर्धकही त्याच यंत्राला तोच प्रश्न विचारून तेच उत्तर छापणार, आणि मग पाच एकसारख्या वेबसाइटची पाच एकसारखी ग्रंथालये होतील.

त्याऐवजी करण्यासारखे काम साधे आहे. गूगलवरील व्यवसायाच्या प्रोफाइलमध्ये वेळ, पत्ता, नंबर वेबसाइटशी तंतोतंत जुळवा आणि तिथेही तुमची खरी छायाचित्रे लावा. काम घरी पोहोचवले त्याच दिवशी ग्राहकाला अभिप्राय लिहिण्याची विनंती करा आणि कोणती वस्तू दुरुस्त केली हे त्यात लिहायला सांगा. ‘छान सेवा’ या पाच ताऱ्यांपेक्षा ‘आईच्या आरामखुर्चीचा तुटलेला हात जोडून दिला, जोड शोधूनही सापडत नाही’ हा अभिप्राय नव्या ग्राहकाला जास्त सांगतो. अभिप्राय विकत घेऊ नका. एखादा अभिप्राय वाईट आला तर वाद न घालता, काय झाले आणि तुम्ही काय केले, एवढे त्याखाली लिहा. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे ग्राहकच जास्त वाचतात.

संपर्काच्या फॉर्ममध्ये तुम्ही अकरा रकाने ठेवले आहेत, त्यांत जन्मतारीखही आहे; ती कशासाठी, हे मला समजले नाही. नाव, फोन नंबर, वस्तूचा फोटो आणि एक मोकळी ओळ यांपेक्षा जास्त काही नको. नंबर असा द्या की मोबाइलवर त्याला बोट लावताच फोन लागेल.

मजकूर चोरणाऱ्या स्पर्धकाचा तुम्हाला राग आहे आणि तो रास्त आहे. त्याने तुमची छायाचित्रे उचलली असतील तर मूळ फाइल जपून ठेवा, त्याच्या पानाची तारखेसह प्रत घ्या, आधी त्याला लेखी कळवा, आणि तरी ऐकले नाही तर त्याच्या होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे जिच्या सर्व्हरवर त्याची वेबसाइट ठेवलेली आहे तिच्याकडे, तक्रार करा. शोधनिकालांतून असे पान वगळण्यासाठी गूगलचाही कॉपीराइटविषयक तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म आहे. पण त्याने आजवर काय उचलले ते पाहा. तो उचलतो ती वर सांगितलेली, कोणालाही चिकटणारी वाक्ये. एखाद्या टेबलाच्या दुरुस्तीची तारीखवार हकिकत, त्यात दिसणारे तुमच्या कारागिराचे हात आणि मागची तुमचीच खिडकी उचलणे त्याला जड जाईल. उचललीच, तर फोनवर दुसऱ्या प्रश्नालाच त्याची अडचण होईल.

डिझायनरशी संबंध तोडू नका. त्यांना द्यायला पुरेसे काम आहे: छायाचित्रे हलकी करणे, अक्षरे गडद करणे, फॉर्म कापणे आणि प्रश्नांच्या पानांचा एक साधा साचा बनवणे. हे काम देण्यापूर्वी वेबसाइटचे डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, ते तपासा. ते त्यांच्या नावावर असेल तर आधी स्वतःच्या नावावर करून घ्या आणि होस्टिंगचा पासवर्डही मागून घ्या. चांगल्या संबंधांत हे सहज होते, बिघडल्यावर होत नाही. पहिली तीन पाने तयार झाली की या व्यवसायाशी संबंध नसलेल्या चार-पाच ओळखीच्यांना मोबाइलवर उघडायला द्या, ‘या टेबलाच्या दुरुस्तीला किती दिवस लागतील ते शोधा’ असे सांगा आणि तोंड न उघडता मागे उभे राहून पाहा. ते जिथे थांबतात, तिथे दुरुस्ती करा. व्हिडिओ आणि चॅटचा प्रस्ताव सहा महिने बाजूला ठेवा, आणि तोवर येणाऱ्या प्रत्येक फोनवर ‘आमच्या वेबसाइटवर काय वाचलेत?’ हा एक प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवत जा. ‘काही नाही, नंबर दिसला म्हणून लावला’ असे उत्तर कमी होत गेले नाही, तर मला पुन्हा लिहा आणि ती उत्तरेही सोबत पाठवा.